टाकाऊ लाकडाचा कंदील

टाकाऊ लाकडाचा कंदील म्हणजे सुतारकामातून उरलेल्या किंवा जुन्या दारे-खिडक्या, पेट्या व सामान मोडून मिळालेल्या लाकडापासून बनवलेला शोभेचा दिवा होय. चार उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, खाली बैठक आणि वर छप्पर अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. लाकडाचे मूळ रेषे, गाठी, खिळ्यांच्या जुन्या खुणा आणि उन्हापावसाने आलेला करडा रंग झाकून न टाकता तसेच ठेवले जातात. त्यामुळे वस्तूला ग्रामीण, ओबडधोबड सौंदर्य येते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत सागवानाचे काम मोठ्या प्रमाणावर होत असल्याने अशा कामासाठी लागणारे तुकडे सहज उपलब्ध असतात. मात्र लाकूड कोठून आले, त्यावर पूर्वी कोणती रसायने वापरली गेली आणि कंदिलात कोणता दिवा ठेवायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवणे आवश्यक असते.

नाव व पूर्वपीठिका

‘कंदील’ हा शब्द अरबी ‘किंदील’ या शब्दावरून फारसीमार्गे मराठीत आला. बोलभाषेत तो प्रामुख्याने दोन वस्तूंसाठी वापरला जातो : काचेची चिमणी असलेला, हातात धरून नेता येणारा रॉकेलचा दिवा आणि दिवाळीत घरावर टांगला जाणारा आकाशकंदील. कार्तिक महिन्यात उंच काठीवर आकाशदिवा लावण्याची प्रथा जुनी आहे. आकाशकंदिलाचा सांगाडा परंपरेने बांबूच्या कामट्यांचा असतो व त्यावर रंगीत कागद चिकटवतात. लाकडी चौकटीचा कंदील हा या दोहोंच्या मधला प्रकार म्हणता येईल. त्याचा घाट हातकंदिलाचा आणि उपयोग आकाशकंदिलाप्रमाणे मुख्यतः शोभेचा असतो.

पूर्व विदर्भातील या भागाला ‘झाडीपट्टी’ असे म्हणतात. दिवाळीनंतर येथे गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो. वीज पोहोचण्यापूर्वी अशा रात्रींचा आधार टेंभे, कंदील व गॅसबत्त्या यांचा होता. आज कंदिलाचे काम विजेने घेतले असले तरी त्याचा आकार शोभेच्या वस्तूंमध्ये टिकून आहे.

प्रदेश आणि लाकूड

२६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दोन्ही जिल्ह्यांत शुष्क व आर्द्र पानझडी वने असून साग हा त्यांतील सर्वांत मोलाचा वृक्ष आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे सागवान विशेष प्रसिद्ध आहे. तेथील जुन्या, राखून ठेवलेल्या वनखंडास ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ असे म्हणतात आणि त्यास २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा देण्यात आला. याच जिल्ह्यातील कमलापूर येथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. तेथील हत्ती पूर्वी लाकूड ओढण्याच्या कामासाठी वापरले जात. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर हे इमारती लाकडाच्या साठवणुकीचे व विक्रीचे प्रमुख केंद्र आहे. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये येथूनच सागवान रवाना झाले.

ओंडक्याची चिराई करताना आणि फळ्यांपासून दारे, चौकटी, पलंग बनवताना बराचसा भाग बाजूला पडतो. कडेच्या सालपट फळ्या, टोकाचे ठोकळे, अरुंद पट्ट्या, ढलप्या व भुसा हे त्याचे प्रकार होत. यांतील बराच माल सरपण म्हणून जातो. कंदिलासाठी त्यापैकी अरुंद पट्ट्या व लहान फळ्या उपयोगी पडतात, कारण कंदिलाचा एकही भाग फूटभरापेक्षा लांब नसतो.

उपयुक्त लाकडे

साग : मध्यकाष्ठ सोनेरी तपकिरी, अंगचे तेल असलेले व टिकाऊ. वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो. वाळल्यावर फारसे वाकत नाही. त्यात सिलिका असल्याने हत्यारांची धार मात्र लवकर जाते.

शिवण : फिकट, हलके व कापण्यास सोपे. कोरीव कामासाठी आणि शिकाऊ हातांसाठी योग्य.

बीजा (बिबळा) : पिवळसर तपकिरी, कठीण व मजबूत. ओले असताना त्यातून डाग पाडणारा रंग उतरतो, म्हणून ते पूर्ण वाळलेलेच वापरावे.

ऐन (येन) : गडद, जड व टणक. खांबांसाठी चालते, परंतु खिळा ठोकताना फाटण्याचा संभव असल्याने आधी भोक पाडावे लागते.

आंबा व कडुनिंब : शेतातील व परसातील झाडांचे लाकूड. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते, त्यामुळे ते चांगले वाळवून घ्यावे लागते.

कोणत्याही लाकडाचा बाहेरील फिकट थर, म्हणजे रसकाष्ठ, हा आतील मध्यकाष्ठापेक्षा कमी टिकाऊ असतो. सागाच्या कडेच्या फळ्यांमध्ये हा थर अधिक असतो. बारीक छिद्रे आणि त्यांतून गळणारी पिठासारखी भुकटी दिसल्यास लाकडात भुंगेऱ्याची कीड आहे असे समजावे. असा तुकडा घरातील इतर सामानाजवळ ठेवू नये.

टाकाऊ लाकडाची पारख

सर्वच टाकाऊ लाकूड निरुपद्रवी नसते. पुढील चार प्रकारांबाबत सावधगिरी बाळगावी लागते.

रेल्वेचे जुने स्लीपर : लाकडी स्लीपर टिकावेत म्हणून त्यांत क्रिओसोट हे डांबरजन्य तेल मुरवले जाई. ते त्वचेला व श्वसनमार्गाला अपायकारक आहे. काळपट, डांबराचा वास असलेले असे लाकूड घरातील वस्तूंसाठी वापरू नये व जाळूही नये.

पॅकिंगच्या पेट्या व पॅलेट : वीजनिर्मिती, सिमेंट व कोळसा उद्योगांमुळे चंद्रपूर परिसरात यंत्रसामग्रीच्या लाकडी पेट्या भंगारात मिळतात. आंतरराष्ट्रीय वाहतुकीतील अशा लाकडावर प्रक्रियेचा शिक्का असतो. शिक्क्यातील ‘एचटी’ ही रोमन अक्षरे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवल्याचे दर्शवतात. ‘एमबी’ ही अक्षरे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिल्याचे दर्शवतात. पहिल्या प्रकारचे लाकूड घ्यावे, दुसऱ्या प्रकारचे टाळावे. पेटीत पूर्वी तेल किंवा रसायन सांडले असल्यास शिक्का कोणताही असला तरी ती वापरू नये.

जुनी रंगवलेली दारे-खिडक्या : जुन्या तैलरंगांत शिशाचे प्रमाण बरेच असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरवणारे नियम २०१६ मध्ये झाले व नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू आहेत. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासल्यास शिसेयुक्त धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. म्हणून असा रंग असलेले लाकूड घासू नये. रंग नसलेली बाजूच करवतीने वेगळी करून घेणेही केवळ जाणकाराने करावे.

प्लायवूड व भुश्याच्या फळ्यांचे तुकडे : यांतील कृत्रिम डिंकामुळे कापताना त्रासदायक धूळ उडते. शिवाय कडा उघड्या राहिल्यास पावसाळी हवेत त्या फुगतात.

कायदेशीर बाजू

वनप्रदेशात ‘टाकाऊ’ या शब्दाचा अर्थ काळजीपूर्वक लावावा लागतो. जंगलात पडलेले, वाळलेले किंवा वाऱ्याने उन्मळलेले झाड हे बेवारस नसते. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनातील लाकूड परवानगीविना उचलणे हा गुन्हा आहे आणि इमारती लाकडाच्या वाहतुकीचे नियमन करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. त्यासाठी वाहतूक परवाना लागतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पासारख्या संरक्षित क्षेत्रांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील अधिक कडक तरतुदी लागू होतात. खाजगी जमिनीवरील सागासारख्या झाडांची तोडही राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर देशभरातील आरागिरण्यांवर परवान्याचे कडक नियंत्रण आले.

वनहक्क कायदा, २००६ ने वननिवासींना गौण वनोपजावर हक्क दिला आहे. या कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, वेत, झुडपी काटक्या व खोडांचे बुंधे यांचा समावेश होतो; इमारती लाकडाचा होत नाही. त्यामुळे हक्कधारक गावातील व्यक्तीलाही सागाचा वासा जंगलातून आणता येत नाही.

कायद्याइतकेच महत्त्वाचे कारण जिवाच्या सुरक्षिततेचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची संख्या मोठी असून सरपण, मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्यासाठी जंगलात गेलेल्या माणसांवर हल्ले होऊन मृत्यू झाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. शोभेच्या वस्तूसाठी लाकूड शोधत जंगलात जाणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय ठरत नाही. परवानाधारक आरागिरणी, सुताराचे (स्थानिक बोलीत ‘वाढई’) दुकान किंवा आपल्याच घराच्या दुरुस्तीतून निघालेले लाकूड हेच योग्य स्रोत होत. विकत घेतलेल्या लाकडाची पावती जपून ठेवावी.

रचना व मापे

पुढील मापे मध्यम आकाराच्या, टांगता किंवा ठेवता येणाऱ्या कंदिलाची आहेत.

खांब : ४ नग, प्रत्येकी २५ × २५ × २६० मिलिमीटर.
आडव्या पट्ट्या : ८ नग, प्रत्येकी २० × २० × ११६ मिलिमीटर (दोन्ही टोकांच्या ८ मिलिमीटर कुसवांसह).
बैठक : १ नग, १८० × १८० × २० मिलिमीटर.
झाकणफळी : १ नग, १८० × १८० × २० मिलिमीटर, मध्यभागी ६० मिलिमीटर व्यासाचे भोक.
छप्पर : १ नग, १४० × १४० × २० मिलिमीटर, खाली १५ मिलिमीटर उंचीचे चार ठोकळे.

या सर्वांस मिळून सुमारे २.७ लिटर घनफळाचे लाकूड लागते. सागाचे असल्यास तयार कंदिलाचे वजन पावणेदोन किलोच्या आसपास भरते. पूर्ण उंची ३३५ मिलिमीटर होते. झाकणफळीतील भोक व छपराखालील फट यांमुळे आतील उष्ण हवा वर निघून जाते आणि पावसाचे थेंब मात्र सरळ आत येत नाहीत.

लागणारी हत्यारे : करवत, रंदा, पटाशी, गुण्या, हातोडी, कानस, भोक पाडण्याचे यंत्र, शिकंजा व पॉलिश पेपर.

बनवण्याची कृती

१. सफाई : जुन्या लाकडातील सर्व खिळे, चुका व स्क्रू काढावेत. तुटून आत राहिलेला खिळा करवतीचे दात मोडतो व उसळून इजा करतो. म्हणून प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवून खात्री करावी.

२. वाळवणे : लाकूड सावलीत, हवेशीर जागी, तुकड्यांमध्ये कामट्या ठेवून रचावे. विदर्भातील उन्हाळ्यात ते उघड्या उन्हात ठेवल्यास टोकांना चिरा पडतात. लाकूड रेष्यांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. रुंदीत मात्र आकसते व फुगते. पावसाळ्यात घट्ट बसवलेला सांधा उन्हाळ्यात सैल होतो तो याच कारणाने.

३. आखणी व कापणी : एक बाजू व एक कड रंद्याने सरळ करून तेथूनच सर्व मापे घ्यावीत. चारही खांब एकत्र बांधून त्यांवर गुण्याने एकदमच रेषा माराव्यात, म्हणजे खाचांची उंची सर्वत्र सारखी येते.

४. खाच व कुसू : आडव्या पट्टीच्या टोकाला ८ मिलिमीटर जाड व ८ मिलिमीटर लांब कुसू काढावे. खांबाच्या लगतच्या दोन बाजूंना, जाडीच्या मध्यावर, तेवढीच खाच पाडावी. खाच यापेक्षा खोल केल्यास दोन बाजूंच्या खाचा खांबाच्या आत एकमेकींना भिडतात व खांब कमकुवत होतो.

५. जुळणी : प्रथम दोन खांब व दोन पट्ट्या यांची एक चौकट, तशीच दुसरी चौकट करावी. डिंक वाळल्यावर दोन्ही चौकटी उरलेल्या चार पट्ट्यांनी जोडाव्यात. शिकंजा आवळण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. पूर्वी या कामासाठी सरस वापरत. आता पांढरा सुतारी डिंक वापरतात.

६. बैठक व छप्पर : झाकणफळी खांबांना वरून आणि बैठक खालून स्क्रूने बसवावी. बैठकीला डिंक लावू नये, म्हणजे दिवा बदलण्यासाठी ती काढता येते. छप्पर ठोकळ्यांवर पक्के करावे. टांगण्याची दोरी झाकणफळीतील दोन भोकांतून ओवून खाली गाठ मारावी.

७. पडदे : खांबांमधील मोकळी जागा १०० × २२० मिलिमीटर असते. त्यासाठी ९८ × २४० मिलिमीटर मापाचा जाड कागद किंवा सुती कापड आतील बाजूने वर-खाली पट्ट्यांना चिकटवावे व उभ्या कडा बांबूच्या बारीक कामट्यांनी दाबाव्यात.

लाकूड कापताना व घासताना नाकातोंडावर मास्क बांधावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना मानवी कर्करोगास कारणीभूत घटकांत केली आहे. सागाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज व पुरळही येते.

अखेरचा हात

ग्रामीण घाट राखायचा असल्यास लाकूड अतिगुळगुळीत न करता केवळ कुसळे निघतील इतपतच घासतात. त्यानंतर दोनपैकी एक लेप देतात. पहिला जवसाच्या तेलाचा. तो लाकडात मुरून रेषे उठावदार करतो. दुसरा चपडा लाखेचा. पळस, कुसुम, बोर इत्यादी झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारी लाख शुद्ध करून चपडा तयार होतो आणि तो स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. लाखेचा लेप लवकर वाळतो, पण पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात. म्हणून बाहेर टांगायच्या कंदिलास तेलच बरे.

जवसाचे तेल लावलेल्या चिंध्या बोळा करून टाकणे धोकादायक आहे. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते व उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडली गेल्यास चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. अशा चिंध्या मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आगीपासून सुरक्षितता

ठिणगी किंवा ज्योत जवळ असल्यास लाकूड साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पेट घेते. मेणबत्तीच्या ज्योतीचे तापमान याच्या कितीतरी पट असते. वर वर्णिलेल्या कंदिलात आतील जागा जेमतेम १०० मिलिमीटर रुंद असून पडदे कागदाचे किंवा कापडाचे असतात. त्यामुळे अशा कंदिलात मेणबत्ती, पणती अथवा रॉकेलचा दिवा ठेवू नये. बॅटरीवर चालणारा किंवा कमी दाबाचा एलईडी दिवाच योग्य होय. घरगुती विजेवरील दिवा लावायचा असल्यास आयएसआय चिन्हांकित होल्डर व वायर वापरावी. बैठकीतून वायर जाते त्या भोकात रबरी कडे बसवावे आणि वायरीचा जोड कंदिलाच्या आत ठेवू नये. तापणारा जुना पिवळा बल्ब टाळावा.

पणतीच हवी असल्यास कंदिलाची रचनाच बदलावी लागते : पडद्यांऐवजी काच, बैठकीवर पत्रा आणि ज्योतीच्या वर लाकूडच नसलेले उघडे तोंड. असा दिवाही नजरेआड ठेवू नये.

बांबूशी तुलना

याच प्रदेशात बांबूचे कंदील बनवण्याचे कौशल्यही विकसित झाले आहे. येथील जंगलात मानवेल जातीचा बांबू विपुल आहे. चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात स्थानिकांना बांबूच्या हस्तकलेचे प्रशिक्षण दिले जाते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे मिळाले. देशातील वनहक्कांच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची मानली जाते. २०१७ मध्ये वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला.

बांबू काही वर्षांत तोडणीयोग्य होतो, तर चांगले सागवान तयार होण्यास अनेक दशके लागतात. म्हणून नवी वस्तू घडवायची तर बांबू आणि जुन्याचा पुनर्वापर करायचा तर सागाचे तुकडे, अशी निवड वनसंवर्धनाच्या दृष्टीने सयुक्तिक ठरते. शोभेच्या कंदिलासाठी नवे सागवान कापले, तर या प्रकाराचा मूळ हेतूच उरत नाही.

शैक्षणिक उपयोग

शालेय कार्यानुभव विषयात टाकाऊपासून टिकाऊ वस्तू बनवण्यास स्थान आहे. कंदिलाच्या एकाच कामातून काटकोन व कर्ण यांची भूमिती, घनफळाचे गणित, लाकडाच्या रचनेचे वनस्पतिशास्त्र, उष्णतेच्या वहनाचे भौतिकशास्त्र आणि वनकायद्याचे नागरिकशास्त्र विद्यार्थ्यांच्या हाताखालून जाते. मात्र करवत, पटाशी व विजेची हत्यारे केवळ मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावीत. लहान वर्गांसाठी कापून व घासून दिलेल्या भागांची जुळणी एवढेच काम पुरेसे आहे.

हे सुद्धा पहा

आकाशकंदील
साग
आलापल्ली
झाडीपट्टी रंगभूमी
बांबू
वनहक्क कायदा, २००६